कोठीवालीनं ठोकलेली गाडी

त्या वर्षी पीक हाती लागणार नाही हे शेतकऱ्यांच्याही आधी कोठीवालीच्या घराला कळलं. धान्य साठवायच्या पत्र्याच्या कोठ्या करणं हा तिचा धंदा. कापणीच्या आधी लोक यायचे, पत्रा वाजवून बघायचे, घासाघीस करायचे आणि तिच्या शिव्या खाऊन कोठी घेऊन जायचे. त्या वर्षी कोणी फिरकलंच नाही. तयार कोठ्या अंगणात उलट्या घालून ठेवल्या होत्या आणि कोंबड्या त्यांच्यावर चढून उन्हाला बसत होत्या. कोठीवाली त्यांना हाकलतही नव्हती, यावरून काय ते समजावं.

मुलाचंही तेच. तो ज्याचा ट्रक चालवायचा, त्या मालकानं ट्रक विकून टाकला. कितीतरी वर्षं स्टिअरिंग धरूनही त्याचं ‘क्लीनर’ हे नाव काही सुटलं नव्हतं. मिसरूड फुटायच्या आत तो फडकं घेऊन ट्रकवर चढला, तेव्हाचं ते नाव. सगळे त्याच नावानं हाक मारायचे, आणि रागात असली की आईसुद्धा. ती बहुतेक वेळ रागातच असायची.

एकच काम दिसत होतं. डेअरीची दूध गोळा करायची गाडी मोडीत निघाली होती. क्लीनर सेक्रेटरीला जाऊन भेटला. सेक्रेटरी कानात काडी घालत म्हणाला, “बापाची ती जुनी पिकअप आहे ना तुझ्याकडे? आण की दाखवायला. मागचा हौदा धड पाहिजे, दारं लागली पाहिजेत. दुधाच्या आसपास गंजाचा कण दिसता कामा नये. महिनाअखेरपर्यंत थांबतो. नाहीतर टेम्पोवाला रोज दारात येऊन बसतोच आहे.”

हे काम मिळालं नाही, तर लांबच्या बंदरावर परक्या गाड्या हाकायला जायचं, आणि सहा-सहा महिने घराचं तोंड बघायचं नाही. बायकोनं तर सांगूनच टाकलं होतं, “तुम्ही गेलात तर मीही माझ्या बहिणीकडे जाणार. तुमच्या आईबरोबर एकटी राहायची माझी छाती नाही.”

पिकअप घरामागच्या पडवीत उभी होती. लांबट नाक, गोल दिवे, फुगलेल्या गालांसारखी मडगार्डं. असल्या गाड्या आता रस्त्यावर दिसत नाहीत. इंजिन क्लीनरनं खटपट करून चालू केलं होतं. पण अंगाची पार चाळण झाली होती. हौद्याच्या तळातून जमीन दिसत होती, दारांच्या खालच्या कडा हात लावताच भुगा होऊन पडत होत्या, आणि एका मडगार्डाला असा खड्डा, की त्यात कोंबडी अंडं घालून बसावी. डेंटिंगवाल्यानं एक चक्कर मारली आणि म्हणाला, “भंगारवाला माझ्या ओळखीचा आहे, सांगू का त्याला?”

म्हणजे पत्र्याचं काम करणारं माणूस उरलं एकच. आणि तिच्याशी बोलायचं म्हणजे आधी पाणी पिऊन घ्यावं लागे.

“आई, पिकअपचा पत्रा ठोकून देशील?”

कोठीवाली ओसरीवर पाय पसरून बसली होती. तिनं वरही बघितलं नाही. “माझ्या सवतीला मी नटवू?”

“असं काय बोलतेस?”

“मग काय बोलू? तुझा बाप घरी आला की आधी तिला पुसायचा, मग माझ्याकडे बघायचा. मला एकदा तरी पुढे बसवलं होतं का त्यानं? विचार की. तेलाचे डबे पुढे आणि बायको मागे हौद्यात.”

“बाबा गेले आता.”

“ते गेले. ती आहे ना उभी.”

आतून भांडं आदळल्याचा आवाज आला. सून आत होती. सासू-सून एकमेकींशी थेट बोलत नसत. दोघी क्लीनरशी बोलत आणि ऐकवत एकमेकींना.

“अहो,” आतून आवाज आला, “नसेल जमत कोणाला तर नसेल जमत. वयही झालं असेल. कशाला उगाच मागे लागता?”

कोठीवालीनं पाय आखडले. उठली, आणि भिंतीवरची हत्यारांची पिशवी काढली.

* * *

काम सुरू झालं. पहिले काही दिवस नुसतं खरवडणं. क्लीनर आणि त्याची बायको पत्र्यावरचा जुना रंग आणि गंज काचकागदानं घासत. नाकातोंडात तांबडी भुकटी जाई, थुंकी तांबडी पडे. बायकोच्या बोटांची सालं निघाली. तिनं चिंध्या गुंडाळल्या. कोठीवाली येऊन बोट फिरवी आणि मुलाला म्हणे, “कोणी घासलं रे हे? मांजरानं चाटलंय का?”

“अहो, सांगा, मांजराला हात दोनच आहेत,” बायको म्हणे.

मग ठोकाठोकी. एकानं पत्र्याच्या आतून लोखंडी ठोकळा दाबून धरायचा आणि दुसऱ्यानं बाहेरून हातोडी मारायची, असं ते काम. मध्ये पत्रा असल्यानं दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. मारणाऱ्यानं आवाजावरून ओळखायचं, की ठोकळा बरोबर मागे आहे की सरकलाय. क्लीनर मडगार्डाच्या पोटात मुंडकं घालून, एक हात वाकडा करून ठोकळा धरी. वरून घाम आणि गंज डोळ्यांत उतरे. बाहेरून आईचा आवाज यायचा.

“वर घे. वर! वर म्हणजे आभाळ, खाली म्हणजे जमीन. एवढं तरी शिकवलंय ना मी?”

“घेतलाय वर.”

“बद्द वाजतंय. बापासारखाच तू. असतोस एकीकडे, सांगतोस दुसरीकडे.”

मग हातोडी पडे. ठोकळा हलला असला तर ती थेट पत्र्यातून बोटावर येई. पहिल्याच दिवशी त्याच्या अंगठ्याचं नख काळंनिळं झालं. तो ओरडला तेव्हा ठोके थांबले, पण क्षणभरच.

“तुटला का?”

“नाही.”

“मग धर.”

पण तो मडगार्डाचा खड्डा तिनं असा उठवला, की क्लीनरनं बाहेर येऊन हात फिरवला आणि त्याला कुठे होता तेच सापडेना. तो काही बोलला नाही. बोलला असता तर ती म्हणाली असती, तुला काय कळतंय. नाही बोलला तर म्हणाली, “जीभ झडली का? दुसरा कोणी असता तर दोन शब्द बोलला असता.”

खरी जुंपली ती हौद्यावरून. हौद्याचा तळ पूर्ण नवा घालायचा होता. कोठ्यांसाठी आणून ठेवलेला जाड पत्रा तिनं काढला. क्लीनरला वाटत होतं, गाडी जुनी होती तशीच व्हावी, कडा साध्या, सरळ. कोठीवालीनं प्रत्येक जोडाला आपल्या पद्धतीची घडी घातली. पत्र्याच्या दोन कडा एकमेकींत दुमडून, ठोकून, वरून शिशाचा डाग ओतून.

“ही कोठी नाहीये, आई. गाडी आहे.”

“माझ्या कोठीत मुंगी शिरत नाही.”

“गाडीत मुंगी कशाला शिरेल?”

“ते मुंगीला विचार. मी जोड उघडा ठेवत नाही. नसेल पटत तर तू ठोक. घे.” आणि तिनं हातोडी त्याच्या पायाशी टाकली. ती अंगठ्याशेजारी पडली. त्यानं उचलून परत दिली. महिनाअखेर जवळ येत होती, आणि दुसरं कोणी नव्हतं.

तो काचेचं रबर आणायला बाजारात गेला होता, त्या दिवशी तिनं दारांचं काम केलं. परत आला तर दोन्ही दारं सतरंजीवर पालथी पडली होती, खालच्या कडांना नव्या पट्ट्या बसल्या होत्या, आणि डाग अजून गरम होता. तो खाली बसला. कडेवरून बोट फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेला. सलग. कुठेही अडकलं नाही.

“इथं भोकं होती ना, आई? कडेला.”

“गंजून पडली होती. बुजवली.”

त्याला ट्रकवरचे दिवस आठवले. पावसातून गाडी आणून उभी केली, की दाराच्या खालच्या कडेतून बराच वेळ पाणी ठिबकायचं. मालक म्हणायचा, ठिबकू दे, चांगलं असतं. “ती गंजाची नव्हती बहुतेक,” तो म्हणाला. “काचेच्या फटीतून आत पाणी जातं, ते जायला वाट ठेवलेली असते.”

“आत पाणी जाईलच कशाला? तू रबर आणलंयस ना? का तेही आणलं नाहीस?”

“रबर असलं तरी जातं थोडं.”

“मला शिकव आता! तू जन्मायच्या आधीपासून पत्रा कापतेय मी. बादलीला भोक ठेवून देते का मी, पाणी जायला वाट म्हणून?” तिनं डागाचं तापलेलं लोखंड पाण्यात बुडवलं. चर्रर्र आवाज झाला आणि वाफ वर आली. “भोकाडं पाहिजेत तर तुझ्या बापाची गाडी बरी होती. चाळणच होती. कशाला आलास माझ्याकडे?”

बायको दारात उभी राहून बघत होती. क्लीनरनं रबराची गुंडाळी भिंतीला टेकवून ठेवली. अजून दारं बसवायची होती, रंग व्हायचा होता. ती आता हत्यारं घेऊन उठली असती, तर सगळंच तिथं थांबलं असतं. त्यानं मनातल्या मनात एक वाक्य तयार केलं आणि गिळून टाकलं, ‘मी सांगितलं होतं तुला.’ कधीतरी उपयोगी पडेल म्हणून.

* * *

रंग लागला तेव्हा गाडी खरंच देखणी दिसायला लागली. फिकट हिरवा, बापाच्या वेळचाच. शेजारपाजारचे येऊन बघून गेले. डेंटिंगवालाही आला, हौद्याच्या घड्यांवरून हात फिरवला आणि म्हणाला, “हे असलं काम गाडीला कोणी करत नाही.” ही स्तुती की निंदा, हे न कळल्यानं कोठीवालीनं त्याला चहा विचारला नाही.

डेअरीवर जायच्या दिवशी ती आपली पिशवी घेऊन बाहेर आली. डावं दार लावताना थोडं घासतंय, म्हणून वाटेत काही लागलं तर, असं म्हणाली. क्लीनरनं पुढचं दार उघडून धरलं.

“बस की पुढे.”

“मला सवय नाही,” ती म्हणाली, आणि पदर खोचून मागच्या हौद्यात चढली.

डेअरीच्या आवारात टेम्पोवाला आधीच आलेला होता. टेम्पोच्या पायरीवर बसून दात कोरत होता. सेक्रेटरी बाहेर आला. पिकअपभोवती एक फेरी मारली. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण मडगार्डाजवळ थांबून त्यानं हात फिरवला, आणि क्लीनरचा जीव जरा भांड्यात पडला.

“बरी केलीय की. कोणी केली?”

“आईनं.”

“कोठीवाली मावशी? वा.” मग तो मागे वळून ओरडला, “पाइप आण रे! इथं धुतल्याशिवाय गाडी दुधाला लागत नाही. आतून बाहेरून धू.”

धुणाऱ्या गड्यानं पाइप सोडला. पाण्याला जोर होता. टपावर, काचांवर, दारांवर, हौद्यात. कोठीवाली बाजूला उभी राहून बघत होती. नव्या रंगावरून पाणी ओघळताना तिची मान थोडी वर झाली होती. पाइप बंद झाला. हौद्याच्या कडेवर कोपरं टेकून सेक्रेटरीनं आत डोकावलं.

आत तळं झालं होतं. स्वच्छ, निवांत पाणी, त्यात आभाळ दिसत होतं. एक थेंब खाली जात नव्हता.

“हे जाणार कुठून?”

सेक्रेटरीनं ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि लावलं. आतून डुचमळल्याचा आवाज आला. भरलेला हंडा हलवावा तसा. त्यानं परत उघडलं, परत लावलं. डुचूक. मग त्याला हसू आवरेना.

“अरे, दारात पाणी भरलंय! मावशी, भोकं बुजवलीत काय तुम्ही? गाडीच्या दाराला, हौद्याला पाणी जायला भोकं असतात. वर्षात सडून जाईल ही. आणि हौद्यात दूध सांडलं तर तिथंच नासणार की!”

टेम्पोवाला उठून आला. त्यानंही दार हलवून बघितलं, आणि धुणाऱ्या गड्यालाही हलवायला लावलं. “कोठीवाली ती,” तो म्हणाला, “कोठीच करणार. मासे सोडा त्यात.” गडी फिदीफिदी हसला. “मावशी, टपाला झाकण नाही बसवलं? वरून धान्य ओतायला?”

कोठीवाली हलली नाही. हौद्याची कड तिनं धरली होती, आणि अंगठ्यानं ती एका घडीवरून मागेपुढे घासत होती, जणू तिथं काही लागलंय. तोंडातून शिवी येईल म्हणून क्लीनर वाट बघत होता. शिवी येत नव्हती. आजवर असं कधी झालं नव्हतं.

ते वाक्य त्याच्या अगदी ओठांवर होतं. त्यानं तोंड उघडलं.

“मीच बुजवायला लावली,” तो म्हणाला. “आई नको म्हणत होती. माझी अक्कल.”

“हात्तिच्या!” सेक्रेटरी म्हणाला. “इतकी वर्षं गाडीवर काढून तुला एवढं कळू नये?”

“खोटं बोलतोय तो,” कोठीवाली म्हणाली.

“आई...”

“गप्प बस. याला काय कळतंय, भोक कुठलं आणि कशाचं? मी बुजवली. माझ्या हाताचा डाग आहे तो. या जन्मात याला असा डाग देता येईल का?” ती सेक्रेटरीच्या इतकी जवळ गेली, की तो एक पाऊल मागे सरला. “पाणी थांबलंय ना? थेंब गळलाय का? बघ खाली वाकून. सांग, गळलाय?”

“नाही गळला, मावशी. तीच तर पंचाईत आहे.”

“पंचाईत तुझी. माझं काम पक्कं आहे.” तिनं पिशवी जमिनीवर उपडी केली. त्यातून भोकं पाडायचा टोच्या आणि हातोडी उचलली. “कुठं पाहिजेत तेवढं बोल.”

दारांचं काम झटकन झालं. ती उकिडवी बसली आणि खालच्या कडेत खालून टोच्या लावून मारला. पाण्याची धार सुटली ती सेक्रेटरीच्या बुटांवर. तो उडी मारून मागे झाला. “बाजूला उभं राहायचं माणसानं,” ती म्हणाली.

हौद्याला वेळ लागणार होता. वरून मारलं की नवा पत्रा खाली दबणार, म्हणून खालून कोणीतरी लाकडाचा ठोकळा दाबून धरायला हवा होता. ती क्लीनरकडे बघत नव्हती. त्यानं नवा शर्ट घातला होता, बायकोनं इस्त्री करून दिलेला. तो तसाच चिखलात उताणा झाला आणि गाडीखाली सरकला. ठोकळा दोन्ही हातांनी वर टेकवला. वरती पाण्यात आईची पावलं फिरल्याचं त्याला ऐकू आलं. मग तिनं हातोडीच्या दांड्यानं पत्र्यावर टकटक केलं, जरा सरकून पुन्हा टकटक केलं. ठोकळा शोधत होती.

“डावीकडे,” तो म्हणाला.

“माहितेय.”

ठोका बसला. टोच्या पत्रा फाडून लाकडात रुतला. तिनं तो उपटला आणि गढूळ गार पाणी थेट त्याच्या तोंडावर आलं. नाकात गेलं. तो खोकत राहिला, पण हात काढले नाहीत.

“पुढे सरक,” वरून आवाज आला.

तो सरकला. असं ती कोपऱ्याकोपऱ्यात घेत गेली. प्रत्येक भोकाबरोबर त्याच्या अंगावर नवी धार. टेम्पोवाल्याचे पाय त्याला शेजारी दिसत होते. सुरुवातीला ते ऐटीत फाकलेले होते. मग एकदा घड्याळात बघावं तसे चुळबुळले, आणि मग निघून गेले.

शेवटी हौदा रिकामा झाला. सेक्रेटरीनं आत वाकून तळ बघितला. जोड बघितले. कुठे पाण्याचा टिपूस अडकून राहिला नव्हता. त्यानं हात झटकले.

“ठीक आहे. लावतो. पण असं बघ, टेम्पोवाल्यालाही मी शब्द दिलाय. तेव्हा नदीकडच्या वस्त्या तो घेईल. तू डोंगराकडचा रस्ता घे. उद्या पहाटे कॅन भरायला ये.”

डोंगराकडचा रस्ता म्हणजे दगडगोटे आणि चढ, आणि वस्त्याही विरळ. पण रोजचं काम होतं. बंदरावर जायचं नव्हतं. क्लीनर ओल्या कपड्यांनी उभा होता, चिखल कानात गेला होता. तो मान डोलवायला लागला, तेवढ्यात कोठीवाली पुढे झाली.

“डोंगर? माझी गाडी डोंगरावर, आणि त्याचं ते खोकं नदीकाठच्या डांबरीवर? शब्द दिलास म्हणे. आणि आम्हाला काय दिलं होतंस, दगड? असला अर्धा तुकडा तूच घाल तुझ्या...”

“आई! गप्प!”

त्याला स्वतःलाच तो आवाज कुठून आला ते कळलं नाही. आवारातला गडी पाइप गुंडाळायचा थांबला. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं तिला असं गप्प केलं होतं, तेही चारचौघांत.

कोठीवालीनं त्याच्याकडे बघितलं. मग वाकून एकेक हत्यार उचललं, पदराला पुसून पिशवीत घातलं, आणि फाटकाकडे चालायला लागली.

“येतो पहाटे,” क्लीनर सेक्रेटरीला म्हणाला.

“ये. आणि ते दार घासतंय बघ डावं.”

तो गाडीत बसला. फाटकाबाहेर येऊन त्यानं तिच्या बाजूला गाडी घेतली आणि काच खाली केली. “आई, बस. लांब आहे घर. मागे बस पाहिजे तर.”

ती चालत राहिली.

“पाय दुखतील.”

“माझे पाय आहेत. तुझ्या गाडीचे नाहीत.”

“बरं, चुकलं माझं. बस आता.”

त्यावर ती रस्त्याच्या कडेनं चालत होती ती मधोमध आली. पिशवी या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली आणि तशीच मधून चालू लागली, ना डावीकडे वाट देत, ना उजवीकडे. त्याला पुढेही जाता येईना. त्यानं पहिला गियर टाकला आणि तिच्या मागून सावकाश गाडी सोडली. वर्कशॉपवरून, दुकानांवरून, शाळेच्या भिंतीवरून ती पुढे आणि तो मागे. लोक दारात येऊन बघत होते. कोणी काही विचारलं, तर ती उत्तर देत नव्हती.

चौकाच्या अलीकडे मागून हॉर्न वाजला. टेम्पोवाला होता. त्यानं पुन्हा हॉर्न मारला, लांबलचक, मग खिडकीतून डोकं काढून ओरडला, “अरे, तिला बाजूला घे, नाहीतर तू तरी हो!”

कोठीवालीनं मागे वळून पाहिलं नाही. चालही बदलली नाही.

क्लीनरनं खिडकीतून हात बाहेर काढला, चिखलानं भरलेला, आणि पंजा उघडून मागच्याला थांबायची खूण केली. मग तो हात तसाच बाहेर ठेवून, आईच्या चालीनं, घराकडे निघाला.